माळावरचा धूर

हे कोणी खरं मानणार नाही. मानूच नका. आजवर ज्यांनी ज्यांनी मानलं त्यांचं पुढे काही धड झालं नाही. एकाने तर होडी विकून कोंबड्या पाळल्या. पण एक घर समुद्रावरून गेलं, खिडकीत माणूस उभा, धुराड्यातून धूर चाललेला, आणि सरकारी माणसाने ते नुसतं बघितलं नाही तर स्वतःच्या हातांनी ओढलं, हे झालेलं आहे. ज्याच्या बाबतीत झालं तो बाउदिलियो इथेच बसलाय, चुलीकडे तोंड आणि आपल्याकडे पाठ करून. त्याची काळजी नको. तो बोलायचा नाही. जन्मात फारसा बोललेला नाही, आणि न बोलणाऱ्या माणसाची गोष्ट सांगण्यासारखं दुसरं सुख नाही: त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते आपण ठरवावं, त्याने लाकूड पुढे सारावं.

तर त्या सकाळी त्याच्या डोक्यात काहीच नव्हतं. समुद्रापलीकडच्या पुएर्तो माँत शहराच्या बसस्थानकात सामान ठेवायची खोली आहे, तिच्या खिडकीमागे तो अनेक वर्षं बसत आलेला होता; लोकांच्या पेट्या घ्यायच्या, बिल्ला द्यायचा, बिल्ला घ्यायचा, पेटी द्यायची. दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळणाऱ्या माणसाचं डोकं हळूहळू त्या खोलीसारखंच होतं, भरलेलं पण आपलं काही नाही. समोरच्या भिंतीवर कुणीतरी आदल्या दिवशी एक मोठा गुळगुळीत फलक लावला होता, नवा विकास आराखडा, जनतेने हरकती कळवाव्यात वगैरे, आणि जनतेने त्याला बटाट्यांची पोती टेकवून ठेवली होती. बाउदिलियो पोती सरकवायला बाहेर आला, एवढंच. पोतं सरकलं आणि मागून नकाशातला किनारा निघाला. डोळ्यांच्या आधी बोटाने ओळखला तो. बोट आपोआप खाडीच्या कडेने फिरलं, कपाच्या काठावरून फिरावं तसं, आणि पलीकडच्या टोकाशी येऊन थांबलं. ते टोक जांभळं होतं. द्राक्षाचं जांभळं नाही, संध्याकाळचं नाही. लहानपणी गुडघा फुटला की आई कापसाच्या बोळ्याने जे औषध लावायची, जे आठवडाभर जात नसे आणि लावताना माणसाला आईबद्दल शंका येत असे, ते जांभळं. त्याचा गुडघा झोंबला. खरोखर झोंबला, आणि वाकला, आणि त्याला पोत्याचा आधार घ्यावा लागला. कोपऱ्यातल्या चौकटीत जांभळ्याचा अर्थ लिहिला होता: बंदर व उद्योग. त्याखाली: सद्यस्थिती, निर्जन. त्याने तो शब्द वाचला, मग अक्षरं सुटी सुटी वाचली, मग पुन्हा जोडली. मागून कोणीतरी ओरडत होतं, “काका, माझी ट्रंक! बस सुटतेय, काका!” आणि त्याला वाटत होतं की हा माणूस फार दूर, कुठल्या तरी दुसऱ्या किनाऱ्यावर उभा राहून ओरडतोय, आणि त्याची ट्रंक आता कधीच कोणाला सापडणार नाही.

कारण त्या टोकावर, माळावर, तर गर्दी होती. त्या माळाएवढी गर्दी चिलोए बेटावर दुसरीकडे कुठे नाही. त्याच्या पिन्दाल गावची रीत अशी की समुद्राने नेलेला माणूस परत दिला नाही तर त्याच्यासाठी माळावर सफरचंदाचं झाड लावायचं, आणि मुळाशी त्याचं जे काही घरी राहिलं असेल ते पुरायचं. बाउदिलियोचा बाप एर्मिनियो गेला तेव्हा आईने, फ्रेसियाने, त्याचे रविवारचे बूट पुरले होते, आधी घासून, पॉलिश करून. तो तेव्हा एवढासा होता. त्याला वाटलं, बाप अनवाणी गेला म्हणून रागावेल. झाडाला फळं आली ती आंबट. गाव म्हणालं, माणूस होता तसंच झाड. दर हंगामात सगळ्या झाडांची सफरचंदं एकत्र चिरडून त्यांची दारू, चिचा, आंबवायची आणि सगळ्यांनी प्यायची, आणि पिताना कोणी ना कोणी म्हणणारच, “सावकाश रे, तो माझा सासरा आहे.” झाडांखाली मेंढ्या चरायच्या, मधल्या मोकळ्या जागेत बायका समुद्रशेवाळ वाळत घालायच्या, न्हालेल्या केसांसारखं पसरून. माळ कोणाचा असं विचारलं तर लोक असे बघत, जणू ओहोटी कोणाची म्हणून विचारलंय. आणि आता कुठल्या तरी खोलीत, ज्या खोलीला समुद्राचा वास नाही अशा खोलीत, कोणीतरी ते टोक पाहून मान हलवली होती: निर्जन. खोटं तरी कसं म्हणावं? राहत कोणीच नव्हतं. होते ते सगळे गेलेले. बाउदिलियोला एकदम असं वाटलं की आपला बाप आज पहिल्यांदा मेला. इतकी वर्षं नुसता घरी नव्हता.

त्याने काय केलं? काही नाही. पोतं पुन्हा सरकवून जांभळं झाकलं आणि खिडकीमागे जाऊन बसला. माणसाला धक्का बसला की तो आधी तेच करतो जे काल करत होता. पेट्या घेतल्या, बिल्ले दिले. फक्त हात दुसऱ्याचे वाटत होते. किल्ल्यांच्या जुडग्यात खोलीच्या किल्लीशेजारी पिन्दालच्या घराची किल्ली होती, आई गेल्यावर कुलूप घातलं त्याची. तीही तिथे एखाद्या विसरलेल्या पेटीची असावी तशी लोंबत असे. आई गेली तेव्हा वादळाने बेटावर जाणारं जहाज बंद होतं. तो पोचला तेव्हा माती टाकून झाली होती आणि लोक हातपाय धुऊन जेवायला बसले होते. कोणी काही बोललं नव्हतं, आणि ते न बोललेलं अजून त्याच्या कानात होतं.

काही दिवसांनी खिडकीवर एक टोपली आदळली आणि टोपलीमागून डोन्या ओतिलिया उगवली. गावाच्या पंचायतीची ही म्हातारी, तिच्या तोंडाला बोकडही भितात.

“ठेवायचं आहे का?” त्याने सवयीने विचारलं.

“तुझं थोबाड ठेव आधी सरळ. ते जांभळं पाहिलंस?”

“पाहिलं.”

“आणि?”

तो गप्प.

“गप्प बसायला तुझ्या बापाला निदान कारण आहे, तो बुडालाय. तुला काय झालं?” मग तिने आवाज उतरवला, म्हणजे आता फक्त निम्मं बसस्थानक ऐकत होतं. “मी कचेरीत गेले होते. तिथली पोरगी म्हणाली, आजी, तिथे कोणी राहत असतं, त्याची चूल असती, तर त्याच्या संमतीशिवाय रंग देता आला नसता. मी म्हटलं, तिथे माझा नवरा आहे. म्हणाली, कुठे? मी म्हटलं, तिसरं झाड. तिने माझ्याकडे असं बघितलं... चांगली पोरगी आहे, पण झाड चालत नाही म्हणाली. पुढच्या आठवड्यात पाहणीला माणूस येतोय. म्हणून मी तिला विचारलं, घर बांधू? तर परवानगी हवी. मग विचारलं, घर आणू? तिने पुस्तक वरखाली केलं. आणण्याबद्दल त्यात काही लिहिलेलं नाही, बाउदिलियो.”

त्याला कळलं होतं. तरी त्याने विचारलं, “कोणाचं घर?”

“रिकामं एकच आहे गावात.”

“मग न्या. किल्ली घ्या.”

“आणि आत कोण राहणार? मी? मला माझं घर आहे. माणसाशिवाय घर म्हणजे खोकं. तू राहायचंस. एक दिवस नाही, दाखवायला नाही. राहायचंस.” तिने त्याच्यामागच्या पेट्यांच्या रांगांकडे पाहिलं. “इथे तुझं काही अडकलंय का?”

त्याने मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं, एकेक फळी. त्याचं काही नव्हतं तिथे, एक मफलर सोडला तर, आणि तोही कोणीतरी विसरलेला. हा दुसरा धक्का. हा पहिल्यापेक्षा हळू होता, बोट चिरल्यावर रक्त यायच्या आधी जी पांढरी रेघ दिसते तसा.

“पण एक,” ओतिलिया टोपली उचलत म्हणाली. “विनवणी तू करायचीस.”

“कसली विनवणी?”

“मिंगा आहे ही. घर हलवायला गाव येतं ते घरधन्याने बोलावलं तर. दारोदार, टोपी हातात. आम्ही आपण होऊन तुझं घर उचललं तर ती चोरी होईल.”

“म्हणजे तुम्हाला हवंय, ते मी तुमच्याकडे मागायचं? हात जोडून?”

“हो. आणि नीट माग. काही जण नाही म्हणतील.”

आणि तो गेला. पिन्दालच्या उतारावर, चिखलात, हातात टोपी, एकेका दारापुढे उभा राहिला, आणि ही माणसं, ज्यांनी आदल्या संध्याकाळीच बैल कोणी आणायचे, पिंपं कोणी आणायची, कोकरू कोणाचं कापायचं ते ठरवून टाकलं होतं, ती दार उघडून भुवया वर करत, “अरे! बाउदिलियो! काय काम काढलंस?” तो सांगे. घर न्यायचंय, खाडीपलीकडे. “अगंबाई, एवढं लांब? कशाला बरं?” आणि सगळं पुन्हा सांगावं लागे. पहिल्या दारात त्याला चीड आली, पुढच्यात लाज, आणि मग कुठल्या तरी दारात, सांगता सांगता, त्याला ऐकू आलं की आपण खरंच मागतो आहोत. रीत ही अशी चीज आहे. खोटी म्हणून सुरू करावी आणि मध्येच ती माणसाची मानगूट धरते. शेवटचं दार नोल्बेर्तोचं, बैलांच्या मालकाचं. फ्रेसियाची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तो पुढे होता, बाउदिलियोच्या जागी. त्याने दार अर्धंच उघडलं.

“कोण?”

“ओळखतोस की.”

“ओळखतो. पण विनवणीत नाव सांगायचं असतं.”

“बाउदिलियो.”

“कोणाचा?”

पावसाची बारीक झड चालू होती, टोपी हातात म्हणून केसांतून पाणी डोळ्यांत येत होतं. “फ्रेसियाचा,” तो म्हणाला, आणि थांबला, आणि आई गेल्यापासून हा शब्द आपण तोंडाबाहेर काढलेला नाही हे त्याला तिथे उंबऱ्यावर कळलं, जीभ त्या शब्दाला अडखळली म्हणून कळलं. “फ्रेसियाचा आणि एर्मिनियोचा.”

“बैल येतील,” नोल्बेर्तो म्हणाला. “माझं मी मला विचारून सांगतो.” आणि दार लावलं.

घर हलायचा दिवस धुक्याचा उजाडला. खांबांवरून घर सुटताना जो आवाज झाला तो बाउदिलियोने आधी कधी ऐकला नव्हता आणि तरी तो ओळखीचा होता. जुने खिळे एकामागून एक रडले, भिंतीवरच्या माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी फळ्या शहारल्या, आणि जिथे त्याचा जन्म झाला, जिथे बाप शिंकायचा आणि आई बटाटे किसायची, ती जमीन ओली, काळी, किड्यांनी भरलेली, एकदम उघडी पडली. त्याने तोंड फिरवलं. आईला कोणी उघडं पाहू नये तसं वाटलं. दोन मोठ्या ओंडक्यांवर घर, पुढे बैलांच्या जोड्या, दोर, आरोळ्या. नोल्बेर्तो आलाच होता, त्याने स्वतःला विचारून घेतलं असावं. वाळूत घर थांबलं, भोवती पिंपं बांधली, आता भरती येऊन उचलेल एवढीच वाट. तेवढ्यात जहाजावरच्या माणसाचा निरोप आला: पाहणीवाला पुढच्या आठवड्यात नाही, आज. निघालासुद्धा.

बैलांचे श्वास तेवढे ऐकू येत होते.

“चूल पेटवून न्यायची,” ओतिलिया म्हणाली. “घर टेकताक्षणी धूर दिसला पाहिजे.”

“पेटत्या चुलीचं घर पाण्यात?” नोल्बेर्तो उसळला. हलवायच्या घराची चूल आधी विझवायची, राख काढून ओलं फडकं फिरवायचं, ही आजोबा-पणजोबांची रीत. “फ्रेसिया असती तर उलथनं घालून डोकं फोडलं असतं तुझं.”

“फ्रेसिया असती तर तिनेच पेटवली असती. तिचा नवरा आहे त्या माळावर. कोण जातंय आत?”

कोणाला विचारायचं कारणच नव्हतं. बाउदिलियो आत गेला. लोखंडी चुलीत आईने रचून ठेवलेली लाकडं अजून होती, तिच्या पद्धतीने, खाली बारीक, वर आडवी, आणि त्यांना काडी लावण्याआधी त्याने एकेक लाकूड हाताने चाचपलं, कारण ही तिने रचलेली शेवटची. ती जळली की तिच्या हाताचं असं काही उरणार नव्हतं. लाकूड वर्षानुवर्षं वाळलेलं, फुरफुरून पेटलं. बाहेर पाणी आलं. घराने एकदा हुंदका दिल्यासारखं केलं, आणि वजन गेलं.

आता ऐका, कारण इथून पुढचं तुम्ही मानणार नाही, आणि मानायचं असेल तर एवढंच माना. ज्या खिडकीतून त्याने जन्मभर टेकडी पाहिली होती, तीच टेकडी, तेच दोन वाकडे वृक्ष, शाळेत न जायच्या सकाळी, ताप आलेल्या दुपारी, त्या खिडकीतून टेकडी निघून गेली. सावकाश, कोणीतरी चित्र भिंतीवरून काढून नेत असल्यासारखी. आधी वृक्ष गेले, मग उतार, मग खिडकीत पांढरं धुकं आलं आणि नुसतंच राहिलं. तो दुसऱ्या खिडकीकडे धावला, तिथेही धुकं. घर ओढणाऱ्या पुढच्या होड्या दिसत नव्हत्या, फक्त त्यांचे दोर ताणलेले, धुक्यातून आलेले. पायांखाली फळ्या श्वास घेत होत्या. आईची खुर्ची, जी नेहमी टेकडीकडे तोंड करून असे, ती आता समुद्राकडे होती, मग गावाकडे, मग पुन्हा समुद्राकडे, एखादी म्हातारी हरवल्यावर मान फिरवते तशी. त्याला बुडायची भीती वाटत नव्हती. भीती दुसरीच होती, नाव नसलेली: की जे हलत नाही म्हणून आपण दूर जाऊ शकलो, इतकी वर्षं दूर राहू शकलो, तेच हललं. आपण शहरात कुठेही वळलो तरी मनात कुठेतरी हे घर एका जागी उभं होतं आणि त्यावरून आपण दिशा ठरवत होतो. आता उत्तर दिशा कुठे? आणि मग त्याला आठवलं की आपण खाडीच्या मधोमध असणार, आणि खाडीच्या मधोमध काय आहे.

एर्मिनियोची होडी इथेच उलटली होती. तो खाली आहे, इथेच, या फळ्यांच्या खाली, आणि या फळ्या त्यानेच ठोकलेल्या, लग्नाआधीच्या उन्हाळ्यात, खिळे तोंडात धरून. बाउदिलियो जमिनीवर बसला. मग पालथा झोपला, गाल फळीला लावून. त्याला दिसलं, मी सांगतो त्याला दिसलं: बाप खाली आहे आणि वर पाहतो आहे, आणि त्याच्या डोक्यावरून, हिरव्या अंधुक उजेडातून, त्याचं स्वतःचं घर चाललंय, तळाकडून दिसणारं, त्याने कधी न पाहिलेल्या बाजूने. त्याला ओळखू येईल का? माणूस आपलं घर खालून ओळखतो का? बाउदिलियोने मूठ वळून फळीवर टकटक केली. दार वाजवावं तशी. आणि ऐकत राहिला. त्याचं वय साठीला आलेलं, आणि तो बापाने कोण म्हणून विचारावं याची वाट पाहत समुद्रावर पालथा पडला होता. आणि विचारलं तर यावेळी नाव सांगायची त्याची तयारी होती.

विचारलं ते दुसऱ्याच कोणी.

“अहो! कोण आहे? अहो, घरातले!”

तो उठून खिडकीशी आला. धुक्यात एक लाँच, लाँचवर रेनकोट घातलेला माणूस, हातातला कॉफीचा कप तोंडापर्यंत नेऊन तसाच थांबलेला. त्याच्या मागे सुकाणूवाला छातीवर क्रूस काढत होता. घर आणि लाँच, दोन्ही तरंगत, दोन शेजारी कुंपणावरून बोलतील इतक्या अंतरावर.

“तुम्ही... काय करताय?” रेनकोटवाल्याने विचारलं.

बाउदिलियोला दुसरं काही सुचलं नाही. “पाणी ठेवलंय,” तो म्हणाला. “येर्बाचा चहा पिणार होतो.”

“इथे? म्हणजे... तुम्ही इथे राहता?”

आता हा प्रश्न पाहणीचा आहे की नुसता आश्चर्याचा, हे त्याला माहीत नव्हतं. समोरचा माणूस कोण, हेही नाही. त्याने मागे पाहिलं. चूल, खुर्ची, खुंटीवर आईचा कामाचा झगा. “हो,” तो म्हणाला. “इथेच राहतो.” बसस्थानकाच्या खोलीत इतकी वर्षं काढून त्याने हे वाक्य कोणापुढेही उच्चारलेलं नव्हतं. धुकं मिटलं आणि लाँच गेली, आणि पाण्यावर कपाचा आवाज झाला, कप हातातून पडला तसा.

पलीकडे माळावर बैलांच्या दुसऱ्या जोड्या तयार होत्या, आणि निम्मं गाव. आणि ही चूक पिन्दालच्याच लोकांना सुचेल अशी: मिंगेत बघ्या नसतो. तिथे उभा असलेला प्रत्येक माणूस ओढायलाच आलेला असतो, हे त्यांच्या रक्तात इतकं भिनलेलं की घर वाळूला टेकलं आणि ओतिलियाने पाहिलं, कोणी तरी चोन्ची गावाकडचा पाहुणा, नोल्बेर्तोचा चुलतभाऊ असावा, रेनकोटच्या खिशात हात घालून उभा आहे, तर तिचं डोकं फिरलं.

“ए सरळनाक्या! खिशात अंडी उबवतोयस का? धर!”

आणि दोर त्याच्या हातात. त्याने तोंड उघडलं, पण आरोळी आली, आणि आरोळी आली की दोर सोडता येत नाही. बैलांनी मान खाली घातली, शंभर पाय चिखलात रुतले, आणि रेनकोटवाला ओढला गेला आणि मग, म्हणजे ओढला जाता जाता, ओढायला लागला. घर पाण्यातून वर आलं, निथळत, चिकटलेल्या शिंपल्यांसह, आणि खिडकीत बाउदिलियो. धुराड्यातून पांढरा लोट.

“किती पांढरा धूर आहे,” रेनकोटवाला धापा टाकत म्हणाला.

“ओली लाकडं,” ओतिलिया म्हणाली. “तोंड बंद ठेव आणि ओढ.”

घर झाडांच्या मधल्या मोकळ्या जागेत आलं, एर्मिनियोच्या झाडाशेजारी, आणि थांबलं. मग जेवण: कोकराचं मांस, बटाटे, आणि गेल्या हंगामाची चिचा. पाहुण्याच्या हातात पेला देऊन कोणीतरी सांगितलं, सावकाश, तो डोन्या ओतिलियाचा नवरा आहे, आणि त्याला ठसका लागला. तेव्हा कुठे त्याने विचारलं की पंचायतीचं कोण आहे इथे, मला पाहणी करायची आहे.

चावायचे थांबले लोक, मीसुद्धा. बाउदिलियो दारात उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते टोक पुन्हा हळूहळू जांभळं होत चाललं, झाडाझाडाने, आणि गुडघा पुन्हा झोंबायला लागला.

“म्हणजे तुम्ही,” ओतिलिया म्हणाली.

“म्हणजे मी.”

“हात दाखवा.”

त्याने दाखवले. दोन्ही तळव्यांवर फोड.

“आमच्याकडे ज्याने घर ओढलं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला, “त्याने ते घर इथे नाही असं म्हणायचं नसतं, साहेब. एवढंच. बाकी तुमचं तुम्ही बघा.”

त्याने हातांकडे पाहिलं. मग घराकडे, मग झाडांकडे. त्याने कोणाला तरी विचारलं, ही झाडं कसली. आणि त्याला एकेकाचं नाव सांगण्यात आलं. मग तो बाउदिलियोकडे आला. “तुम्ही मघाशी म्हणालात ते खरं का?” “काय?” “इथेच राहता म्हणून.” बाउदिलियोने मान हलवली. आणि त्या माणसाने आपल्या कागदावर लिहिलं तेवढंच, जे त्याने डोळ्यांनी पाहिलं: घर, राहणारा, चुलीचा धूर. पुढचा आराखडा लागला तेव्हा टोकाला रंग नव्हता. जोवर इथे धूर आहे तोवर रंग येणारही नाही, असं कचेरीतली पोरगी ओतिलियाला म्हणाली, म्हणून हा बाउदिलियो इथे बसलाय आणि लाकूड सारतोय, आणि शहरात त्याच्या खिडकीमागे दुसरा कोणी बिल्ले देत असेल.

आता तुम्ही म्हणाल, घर समुद्रावरून आलं आणि आत पाणी शिरलं नाही? थेंब नाही! बशीतला चमचा हलला नाही. आणि चूल? फ्रेसियाच्या हाताने रचलेली, खाडीवर पेटती, वाळूवर पेटती, त्या सरकारी माणसाने जिचा धूर बघितला, तीच ही चूल, तोच हा विस्तव. एक क्षण विझलेला नाही. पुढे या, हात धरा त्याच्यावर, बघा...

“विझला होता,” बाउदिलियो म्हणाला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. “मनातलं काय वाट्टेल ते सांगितलंस, मी ऐकून घेतलं. हे नको. पाणी आलं होतं आत, गुडघ्यापर्यंत. चुलीत शिरलं. माळाला लागलो तेव्हा आईचं एक लाकूडही पेटतं नव्हतं. तुम्ही सगळ्यांनी बघितला तो धूर नव्हता रे. वाफ होती.”